लॅकवानाचा मोटर डबा: एप्रिल ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

६ एप्रिल, शनिवार

काल सकाळी १०:२३ ला न्यू जर्सीत भूकंप झाला. तीव्रता ४.८, केंद्र हंटरडन काउंटीत, म्हणजे आमच्या यार्डापासून फार लांब नाही. ऑफिसात सगळे एकमेकांना 'तुला जाणवलं का' विचारत होते. मला मात्र डब्याची काळजी, म्हणजे आमचा स्वयंसेवकांचा गट दुरुस्त करतोय त्या १९३० च्या विजेच्या लोकलच्या डब्याची. त्याचं पूर्वेकडचं टोक मार्चपासून उचललेलं आहे, त्या टोकाची बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) बाहेर ओढून ठेवलीय आणि जवळजवळ सत्तर फुटांचा पोलादी डबा तिकडून नुसत्या लाकडी स्लीपरच्या चवडीवर बसलाय.

आज कामाला हात लावण्याआधी तपासणी. दोन्ही बाजूंना ओळंबा सोडला. चवडीवर खडूने मारलेल्या खुणा जुळल्या. एक पाचर किंचित सैल झाली होती, ती ठोकून बसवली. नुकसान म्हणाल तर छतातली गंजाची भुकटी सगळ्या सीटवर सांडलीय, तेवढंच. आमचे वेल्डरबुवा नौदलातून निवृत्त, सत्तरी ओलांडलेली. त्यांचं म्हणणं, रोज हादरे खाण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हा काय हादरा. पण डब्याखाली शिरताना तेही दोनदा वर बघत होते.

नियम पुन्हा एकदा फळ्यावर लिहिला: वजन नेहमी लाकडावर, जॅक फक्त उचलायला. दुसरी चवड पुढच्या आठवड्यात.

१३ एप्रिल, शनिवार

गटात एडिसन गावाहून आणखी दोन मराठी मंडळी आली आहेत. इंग्रजी लॉग वेगळा आहे, तो विम्याला आणि अनुदानाच्या कागदपत्रांना लागतो. ही वही आपल्यासाठी. आज वारा फार, बाहेर काम नाही, म्हणून नव्यांसाठी थोडी पार्श्वभूमी लिहून टाकतो.

डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न ही इथली जुनी रेल्वे कंपनी. हडसन नदीच्या काठी होबोकेनचं टर्मिनस (१९०७), तिथून मॉरिसटाउन, डोव्हर, ग्लॅडस्टोन, माँटक्लेअर अशा गावांना जाणाऱ्या लोकल. आधी सगळा कारभार वाफेचा. १९३० साली तारा टाकल्या, ३,००० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज). पुलमन कंपनीने १४१ मोटर डबे, म्हणजे खाली स्वतःची मोटर असलेले डबे, बांधून दिले. प्रत्येक मोटर डब्याला एक ट्रेलर, म्हणजे बिनमोटरचा डबा, जोडलेला. ट्रेलर बहुतेक जुनेच, वाफेच्या इंजिनामागे धावलेले डबे सुधारून घेतलेले. ३ सप्टेंबर १९३० ला पहिली गाडी होबोकेनहून माँटक्लेअरला निघाली तेव्हा हँडलवर खुद्द थॉमस एडिसन होते, वय ८३. म्हणून आजही लोक या डब्यांना एडिसनचे डबे म्हणतात.

आपल्याकडच्या तारखा शेजारी ठेवून बघा. बोरीबंदर ते कुर्ला हार्बरवर विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली, १,५०० व्होल्ट डीसी. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. म्हणजे पुणेकर विजेच्या इंजिनामागे बसून ऐटीत मुंबईला येऊ लागले, तेव्हा न्यू जर्सीच्या या लायनीवर अजून कोळशाचा धूर होता. इथे येणाऱ्या पाहुण्यांना हे सांगितलं की आधी खरं वाटत नाही.

पुढचा इतिहास मालक बदलण्याचा. १९६० ला लॅकवाना आणि ईरी या कंपन्या एक झाल्या, १९७६ ला सगळं कॉनरेल या रेल्वे कंपनीकडे गेलं, १९८३ पासून न्यू जर्सी राज्याची एनजे ट्रान्झिट गाड्या चालवू लागली. डबे मात्र तेच. वेताच्या सीट, उघड्या खिडक्या, वातानुकूलन नाही. २४ ऑगस्ट १९८४ ला ते निवृत्त झाले आणि लायनीवर २५,००० व्होल्ट एसी (दिशा बदलत राहणारी वीज) आला. एडिसनने एकेकाळी एसीविरुद्ध डीसीची बाजू लावून धरली होती. त्याने स्वतः चालू करून दिलेल्या मार्गावर शेवटी एसीच आला, पण तो बघायला तो नव्हता. १९३१ लाच गेला.

निवृत्तीनंतर हे डबे देशभर पांगले. पर्यटकांच्या छोट्या रेल्वेंनी ते घेतले, डिझेल इंजिनामागे साधे डबे म्हणून ओढले. काही स्क्रँटनच्या स्टीमटाउन या रेल्वे संग्रहालयात आहेत. व्हिपनीच्या रेल्वे संग्रहालयाने २४५४ नंबरचा क्लबचा डबा सुंदर राखलाय. पैसेवाले वर्गणीदार आपली राखीव खुर्ची असलेल्या त्या डब्यातून न्यूयॉर्कला कामाला जायचे. असा डबा वाचवायला देणगीदार लवकर मिळतात. आपला डबा साध्या पासवाल्यांचा. त्यात कुणी राष्ट्राध्यक्ष बसलेला नाही, कुणी त्यावर पोस्टर काढलेलं नाही. म्हणून पैशाची रड कायमची.

२७ एप्रिल, शनिवार

शिशाची चाचणी. कापसाची कांडी ओली करून रंगावर घासायची, लाल झाली की शिसं आहे. खिडकीखालच्या पट्टीवर घासली तर एका क्षणात कुंकवासारखी लाल. दरवाज्यावर, छतावर, सीटच्या पायांवर, सगळीकडे तेच. अपेक्षित होतं. आता कोरडं घासणं पूर्ण बंद. ओला करून खरवडायचा, खाली प्लास्टिक, तोंडावर पी-१०० चा मास्क, शेवटी हेपा व्हॅक्यूम. यार्डातले कपडे घरी धुवायला न्यायचे नाहीत. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी हा नियम दोनदा वाचावा. रक्तातल्या शिशाची तपासणी वर्षातून एकदा, पैसे गट देईल.

ॲस्बेस्टॉसला आपण हात लावायचा नाही. स्विचच्या पेटीतल्या पाट्या आणि तारांवरचं वेष्टण संशयास्पद आहे. परवानाधारक कंत्राटदार येईपर्यंत त्या पेट्या टेपने बंद. उत्सुकता म्हणूनही उघडू नयेत.

११ मे, शनिवार

आज खरं लोहारकाम. खिडक्यांखाली बाहेरच्या अंगाला जी आडवी पट्टी जाते तिच्या मागे पाणी साचतं आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग अगदी ठाकठीक दिसतो. वेल्डरबुवांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं.

कुजलेला पत्रा कापून नवा बसवला. प्रश्न होता तो जोडायचा कसा. वेल्डिंग सोपं आणि स्वस्त, आणि वरून रिव्हेटची नकली डोकी चिकटवली तर दहा फुटांवरून कुणाला कळणारही नाही. पण बुवा हट्टाला पेटले: रिव्हेटचा डबा आहे, रिव्हेटच लागतील. पैशांचा हिशेब मांडून मी आधी वेल्डिंगच्या बाजूने होतो. आजचं काम बघून बाजू बदलली.

छोट्या भट्टीत रिव्हेट केशरी होईपर्यंत तापवायचं. चिमट्याने उचलून भोकात घालायचं. आत एक जण जड डॉली (लोखंडी ठोकळा) त्याच्या डोक्यावर दाबून धरतो, बाहेर दुसरा हवेच्या हातोड्याने शेपटाचं गोल डोकं घडवतो. सगळं काही सेकंदांत, कारण केशरी रंग तांबूस व्हायला लागला की लोखंड ऐकत नाही. निवताना ते आखडतं आणि दोन पत्रे असे आवळतं की मध्ये कागद शिरणार नाही. आत डॉली धरायचं काम माझ्याकडे होतं. हातोडा सुरू झाला की दंडापासून दाढेपर्यंत सगळं थरथरतं, कानात बोळे घातलेले असूनही. संध्याकाळी चहाचा कप धरताना बशी वाजत होती.

चांगली बसलेली ओळखायची खूण: छोट्या हातोडीने टिचकी मारली की टणटणीत आवाज येतो. बद्द आवाज आला तर ते कापून पुन्हा. दोन कापावी लागली.

१ जून, शनिवार

पत्र्याचं काम चालू. विशेष काही नाही. प्रायमर संपलं, दोन डबे मागवले. डेक्कन क्वीनचा वाढदिवस म्हणून एडिसनवाल्यांनी कटलेट आणली होती. वेल्डरबुवांनी तीन खाल्ली.

२२ जून, शनिवार

बाहेर ३५ अंशांच्या वर. डबा म्हणजे भट्टी. तरीही खिडक्या उघडल्यावर आणि दोन्ही टोकांचे दरवाजे लावून धरल्यावर जो झोत येतो त्यावरून कळतं की १९३० सालच्या माणसांनी उन्हाळ्याचा विचार केला होता. फक्त गाडी धावती असायला हवी.

आज दुपारपर्यंत सीट. वेताच्या विणीचा पट्टा स्प्रिंगवर ताणून ठोकलेला असतो. फाटतो तो पुढच्या कडेला, मांड्या घासतात तिथे. मधला भाग पन्नास वर्षं टिकतो. वेत कोरडा पडला की ठिसूळ होतो, म्हणून आधी ओलसर फडक्याने पुसायचा, पाणी मुरू द्यायचं, मग सावलीत सुकवायचा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा पातळ हात द्यायचा. जाड हात दिला तर पुढच्या हिवाळ्यात पापुद्रे निघतील. मुंबईत अंध कारागीर खुर्च्या विणायचे तेव्हा बोटांनी चाचपून ताण जोखायचे. इथे त्या अंदाजाचं कुणी नाही, म्हणून फाटक्या सीटसाठी यंत्रावर विणलेला गुंडाळीतला वेत वापरतोय. जवळून पाहिलं तर फरक दिसतो. दिसू दे.

पाठ उलटी फिरवायची यंत्रणा अजून शाबूत आहे. होबोकेनला गाडी पोचली की सगळ्या पाठी पलीकडे ढकलायच्या, म्हणजे परतीला पुन्हा तोंड पुढे. पितळी कान धरून ढकललं की आधी जरा अडखळते, मग स्वतःच्या वजनाने पलीकडे जाते आणि खट्कन बसते. दोन्ही बाजूंचे कान सारखे झिजलेले नाहीत. वाटेकडचा झिजून गुळगुळीत, खिडकीकडच्यावर ओतकामाची रेघ अजून बोटाला लागते.

सीटखालच्या फटीत सापडलेलं: पंच मारलेल्या तिकिटांचे तुकडे, केसांच्या पिना, पेन्सिलीचं थोटूक, कोटाचं एक बटण. सगळं पाकिटात घालून सीटचा क्रमांक लिहिला.

आतल्या रंगाचा निर्णय झाला. सगळा डबा एकाच रंगात रंगवणार, पण एका खिडकीची चौकट तशीच सोडायची. तिथे प्रत्येक थर पायरीसारखा उघडा ठेवायचा. वर फिकट पिवळसर, त्याखाली दुसरा पिवळसर, मग राखाडी हिरवा, सगळ्यात खाली तपकिरी. ही सूचना आमच्यातल्या सर्वांत लहान सभासदाची, शाळेत अकरावीला आहे. मोठ्यांपैकी कुणाला सुचलं नव्हतं.

१३ जुलै, शनिवार

भांडणाचा दिवस. सविस्तर लिहितो, कारण हे पुढे परत निघणार.

हा डबा स्वतःच्या बळावर पुन्हा कधीही धावणार नाही. ३,००० व्होल्ट डीसी या राज्यात कुठेही शिल्लक नाही, आणि आमच्या यार्डात तर घरगुती विजेशिवाय काहीच नाही. डबा तयार झाला की एक छोटी पर्यटक रेल्वे तो आपल्या डिझेलमागे ओढायला तयार आहे. त्यांची अट: ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या मोटर, काढा. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. मोटर वजनदार आहेत. शिवाय डबा ओढला की चाकं फिरतात, चाकांबरोबर गिअर फिरतो आणि गिअरबरोबर मोटरचं आर्मेचरही (आतला फिरता भाग) फिरतं, वीज असो नसो. चाळीस वर्षं पडून असलेली बेअरिंग त्या फिरण्यात पकडली गेली तर चाक जाम होऊन रुळावर घसटत जाईल. मग चाक चपटं, आणि बहुधा गाडी वाटेतच उभी.

गटातल्या निम्म्यांचं मत: काढा आणि तांबं विका. भंगारात चांगला भाव येतो, त्यात छताचा खर्च निघेल. बऱ्याच ठिकाणी हेच झालंय.

माझं मत मी बैठकीत सांगितलं, इथेही लिहितो. मोटर काढल्या की हा मोटर डबा राहतच नाही, वेताच्या सीटवाला एक जुना डबा उरतो. तसे अमेरिकेत पुष्कळ आहेत. छतावर तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ, टोकाला मोटरमनची जागा आणि खाली नुसती पोकळी, हे शोभेचं काम झालं. माणसं सीट बघायला येतील, पण एखादा पोरगा खाली वाकून बघणारच, की ही गाडी चालायची कशी. त्याला दाखवायला तिथे काहीतरी असलं पाहिजे.

खजिनदारबाई म्हणाल्या, "पोरगा वाकून बघेल, पण छत गळलं तर तो आत बसणार कुठे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मतदान पुढे ढकललं.

२७ जुलै, शनिवार

निवृत्त इलेक्ट्रिशियनने बाहेर काढलेल्या बोगीतल्या दोन्ही मोटरना मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला. एकीचं इन्सुलेशन बऱ्यापैकी, दुसरीचं जवळजवळ शून्य. आत ओल आहे. त्याने ब्रशच्या झाकणातून टॉर्च मारला तर आत मातीचं घरटं, गांधीलमाशीचं. रिकामं होतं. बल्ब लावून सुकवायला ठेवलीय.

२४ ऑगस्ट, शनिवार

या डब्यांची शेवटची फेरी झाली त्याला आज चाळीस वर्षं झाली. आम्ही काही समारंभ ठेवला नव्हता. पण दुपारी एक आजोबा नातवाला घेऊन आले. याच लायनीवर मोटरमन होते. इथे मोटरमनला इंजिनिअर म्हणतात, पण मला त्यांना पाहिल्यावर मोटरमन हाच शब्द आला, आणि तो त्यांना आवडला.

त्यांना टोकाच्या दरवाज्यापाशी, कंट्रोलरजवळ उभं केलं. हात आपोआप हँडलवर गेला आणि तळहाताने ते खाली दाबलं गेलं. हे डेडमॅन हँडल, दाब सुटला की ब्रेक लागतात. नातवाने विचारलं, "शिंक आली तर?" ते म्हणाले, "शिंक दुसऱ्या हाताने द्यायची."

पुढचा तास मी लिहून घेत होतो. थांबायची पद्धत: स्टेशन जवळ आलं की ब्रेक चांगला लावायचा, आणि गाडी थांबायच्या अगदी आधी हळूच सोडायचा. शेवटपर्यंत धरून ठेवला तर उभे प्रवासी एकमेकांवर पडतात, आणि तीच माणसं रोजची असल्यामुळे नाव लक्षात ठेवतात. शरद ऋतूत ओली पानं रुळावर चिकटतात, वर साबणासारखा थर होतो, तेव्हा नेहमीच्या जागी ब्रेक लावून भागत नाही. चाकं अडकतात, गाडी घसरत पुढे जाते, चाकाला चपटा डाग पडतो आणि मग तो डबा आठवडाभर ठक-ठक करत गावभर सांगत फिरतो. हिवाळ्यात पहिल्या गाडीला तारेवर बर्फ असला की पेंटोग्राफपाशी निळ्या-हिरव्या ठिणग्या, अख्खं स्टेशन उजळायचं.

मोटर काढण्याबद्दल त्यांचं मत मी मुद्दाम विचारलं नाही. त्यांनी खाली वाकून पाहिलं, बोगी बाहेर का आहे ते विचारलं. मी सांगितलं. ते इतकंच म्हणाले की या डब्यांचा आवाज मोटरचा होता, सुटताना एक सूर लागायचा तो वर चढत जायचा, स्टेशनातल्या माणसांना न बघता कळायचं कुठली गाडी सुटली. खजिनदारबाई शेजारीच उभ्या होत्या.

आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. हार्बरवर एप्रिल २०१६ मध्ये शेवटची डीसी लोकल धावली, त्याआधीच्या लोकलचा सुटतानाचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना कळेल.

७ सप्टेंबर, शनिवार

गणेश चतुर्थी. मराठी मंडळी गैरहजर. इंग्रजी लॉगमध्ये 'पाऊणशे टक्के स्वयंसेवक मोदक खायला' अशी नोंद वेल्डरबुवांनी केली आहे. आम्ही तिघेच असताना हे पाऊणशे टक्के कुठून आले ते त्यांनाच माहीत.

१४ सप्टेंबर, शनिवार

मोटरच्या वादावर तोडगा मिळाला, तो डोंबिवलीहून. माझे मामा कुर्ला कारशेडला फिटर होते. गणपतीच्या निमित्ताने फोन झाला, बोगीचे फोटो दाखवले. मामा म्हणाले, "अरे, मोटर कशाला विकतोस? पिनियन काढ. पिनियन नसलं की आर्मेचर फिरणारच नाही. मोटर आपली जागेवर बसून राहील."

पिनियन म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक. ते ॲक्सलवरच्या मोठ्या गिअरला फिरवतं. ते काढलं की मोटर आणि चाक यांचा संबंध तुटतो. अडचण एकच. पिनियन ओढून काढायला चाक आणि मोटरच्या मध्ये जागा नाही, म्हणून मोटर आधी ॲक्सलवरून उतरवावी लागेल, आणि पिनियन काढून परत बसवावी लागेल. म्हणजे विकण्यापेक्षा दुप्पट काम. इलेक्ट्रिशियनने आणखी एक मुद्दा आणला: मोटरचं अर्धं वजन ॲक्सलवर टेकलेल्या बेअरिंगवर असतं, पिनियन असो नसो ते ॲक्सलभोवती घासणारच, तेव्हा तिथलं तेल आणि ते पोचवणाऱ्या वाती नव्या कराव्याच लागतील.

बैठकीत मांडलं. वजन तेवढंच राहणार, हे पर्यटक रेल्वेला पटेल का, हा प्रश्न. त्यांना पत्र लिहायचं ठरलं. छताच्या पैशांसाठी स्वतंत्र वर्गणी, खजिनदारबाईंनी स्वतःचा पहिला चेक टेबलावर ठेवला आणि वर मला सांगितलं, "आता तुमच्या लोकांकडून आणा." आणले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सकाळी हत्यारांची पूजा केली. डॉली, हवेचा हातोडा, मेगर, ओळंबा, सगळं एका फळीवर मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं. गेल्या वर्षी आम्ही हे गुपचूप कोपऱ्यात केलं होतं. या वेळी वेल्डरबुवा स्वतः त्यांचा जुना मास्क घेऊन आले आणि फळीवर ठेवून म्हणाले, यालाही लावा. आपट्याची पानं कुठून आणणार, घरच्या कुंडीतल्या कांचनाची दिली. चालतात.

नंतर बाहेरचा रंग. डबा जन्मापासून निवृत्तीपर्यंत गडद हिरवाच होता, त्यामुळे रंगावर वाद नाही. वाद आहे तो खिडक्यांवरच्या पट्टीवर नाव कुठलं लिहायचं यावर: १९३० चं 'लॅकवाना' की १९६० नंतरचं 'ईरी लॅकवाना'. आज ओल्या कागदाने हळूहळू घासताना दोन्ही सापडली. आधी 'ईरी लॅकवाना'च्या कडा, आणि त्याखाली, जास्त अंतरावर पसरलेली, जुन्या नावाची अक्षरं. रंग गेलाय, पण अक्षराच्या जागी खालचा पृष्ठभाग कमी झिजलेला असल्याने तिरप्या उजेडात ती उठून दिसतात. एका जागी जुन्या नावातला 'ए' आणि नव्यातला 'आर' एकमेकांवर चढलेत.

ट्रेसिंग पेपरवर दोन्हींच्या प्रती घेतल्या. बहुमत १९३० च्या नावाकडे आहे. देखणं आहे, पोस्टकार्डवर छान दिसेल. माझं मत 'ईरी लॅकवाना'ला. ज्यांनी या डब्यातून प्रवास केला आणि जे आज हयात आहेत त्यांनी बहुतेकांनी हेच नाव वाचलंय, आणि आत आपण शेवटच्या काळातला पिवळसर रंग देतोय. बाहेर एक साल, आत दुसरं, हे मला पटत नाही. हरलो तरी ट्रेसिंग जपून ठेवणार.

२६ ऑक्टोबर, शनिवार

छत पूर्ण झालं, आणि पाऊस गायब. अख्खा ऑक्टोबर कोरडा चाललाय, जुनी माणसं म्हणतात असं कधी पाहिलं नाही. एरवी दर शनिवारी पाऊस आला म्हणून कुरकुर करणारे आम्ही आता आकाशाकडे बघतोय. शेवटी नळी लावून कृत्रिम पाऊस पाडला, तोही थोडकाच, पाणी जपून वापरा असं आवाहन आहे. आत दोन जण टॉर्च घेऊन. पेंटोग्राफच्या पायापाशी एका बोल्टखालून थेंब आला. वॉशर बदलला. पुन्हा पाणी. कोरडं.

दिव्यांच्या ओळीत उघडे बल्ब बसवले. दिसायला तंगस्टनचे, आत एलईडी. इलेक्ट्रिशियन नाखूश आहे, पण वायरिंग गरम होणार नाही हे त्यालाही मान्य.

९ नोव्हेंबर, शनिवार

राज्यात ठिकठिकाणी वणवे लागलेत. सकाळी यार्डात धुराचा वास. आगीचे निर्बंध कडक झालेत आणि यार्डाच्या मालकांनी उघड्यावर भट्टी, वेल्डिंग, ग्राइंडर सगळं बंद केलंय. बरोबरच आहे, रुळांच्या कडेचं गवत पापडासारखं झालंय. उरलेली रिव्हेटं वसंतात.

पर्यटक रेल्वेचं उत्तर आलं. पिनियन काढलेल्या मोटर त्यांना चालतील, पण चारही मोटरचं लेखी प्रमाणपत्र हवं, बेअरिंगला ताजं तेल हवं, आणि पहिल्या फेरीला वेग कमी ठेवून मध्ये थांबून हाताने बेअरिंगचं तापमान बघायचं. सगळ्या अटी रास्त आहेत. शेवटची तर मामांनीही सांगितली असती.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पहिली मोटर उतरवली. बोगीवर गँट्री (वजन उचलायची चौकट), साखळीचा पुली-ब्लॉक. ॲक्सलच्या बेअरिंगची टोपी काढताना आतली लोकरीची वात निघाली, काळी, आणि अजून तेलकट. १९८४ च्या उन्हाळ्यात कुणीतरी शेवटचं तेल घातलं असणार.

पिनियन निमुळत्या दांड्यावर गरम करून घट्ट बसवलेलं असतं. सोडवताना त्याला थोडी उष्णता दिली की काम हलकं होतं, पण ज्योत बंद. म्हणून फक्त हायड्रॉलिक पुलर. दाब वाढवत गेलो, काही हालेना. इलेक्ट्रिशियनने सगळ्यांना बाजूला केलं, पिनियनसमोर जाड लाकूड उभं केलं, आणखी थोडा दाब दिला आणि चहाला चला म्हणाला. चहा चालू असताना बंदुकीसारखा आवाज झाला. पिनियन सुटून लाकडावर आदळलं होतं.

दांड्याला ग्रीस, वर मेणकापड. पिनियनवर मोटरचा आणि टोकाचा क्रमांक कोरून ग्रीसच्या कागदात गुंडाळलं. ते डब्यातच ठेवायचं, मोटरमनच्या कपाटात, म्हणजे उद्या कुणाला परत बसवायचं झालं तर शोधायला नको. दाते छान आहेत, एका बाजूला थोडी झीज. ओल लागलेली दुसरी मोटर पुढच्या शनिवारी. तिचं कव्हर काढायचे स्पॅनर माझ्या गाडीत आहेत, मी उशिरा येणार असलो तर आदल्या रात्री कुणीतरी येऊन घेऊन जा.